दाते

राजहंसगडाच्या चढाला गाडीनं हात टेकले.
इंजिन चालू, दिवे चालू,
इंदूच्या मांडीवर नंदिहळ्ळीच्या लग्नातल्या बुंदीचा डबा,
आणि चाकांना कशाचाच पत्ता नाही.
समोर काचेखाली पिवळं दातेरी चक्र उगवलं.
तीस वर्षं तसलीच चक्रं पाडली मी
उद्यमबागेत, हॉबिंग मशीनवर,
तेलाच्या धारेखाली, एकेक दाता.

फक्त मागचा गिअर पडत होता.
येळ्ळूरच्या पोरांनी ढकलून तोंड फिरवून दिलं
आणि मी मान पिळून
मागच्या काचेतून बघत
अख्खा चढ चढलो.
"उलटी कशाला चालवूलालासा, मामा?"
उसाच्या ट्रॉलीवरून एकानं विचारलं.
सुलटी चालंना म्हणून रे बाबा.
इंदू म्हणाली, हसू नका,
आणि स्वतःच हसली, डबा घट्ट धरून.

शोरूमचा किरण बडिगेर पोरगा चांगला.
तारीख बघितली. परत बघितली.
"वॉरंटी मुगितु, सर. एकोणीस दिवस झाले."
किलोमीटर एकतीस हजार, खर्च एक लाख बेचाळीस,
कर वेगळा.
कागद कानडीत होता, आकडे सगळ्यांना कळतात.
म्हटलं, खोलून तरी दाखव.
"खोलायचं नसतं सर, अख्खी असेंब्ली बदलायची."

खोलायचं नसतं.
हे आमच्या शॉपमध्ये कुणी बोललं असतं
तर परशा मेस्त्रीनं त्याला चहा प्यायला
गेटबाहेर पाठवलं असतं, कायमचं.

सोफ्यावर आणखी तिघं.
निपाणीचे एक तंबाखूवाले,
खानापूरच्या हायस्कूलच्या हलगेकर बाई,
चंदगडचा सुट्टीवर आलेला फौजी.
"तुमची किती दिवसांनी गेली?"
"सव्वीस."
बाईंची मुदतीतच कुरकुरत होती,
तेव्हा म्हणाले सॉफ्टवेअर आहे, जाऊ दे, आपोआप बसेल.
बसली. मुदत संपल्यावर, भर चौकात.
मयताला आल्यासारखे हळू बोलत होतो आम्ही.
फौजीला कुणी म्हणालं, तुमची एमएच, कोल्हापूरला न्या की.
कोल्हापूरनंच त्याला इकडे पाठवला होता.

मग टोचन लावून खासबागेत, इराप्पाकडे.
रविवारी दोघांनी मिळून बॉक्स उतरवला,
रॉकेलनं धुतला, पोत्यावर मांडला.
एकेक गिअर हातात घेतला,
दात्यांवरून नख फिरवलं,
चष्मा कपाळावर सारून उजेडाला धरला.
ओरखडा नाही.
कुठल्या गावचा कोण, ठाऊक नाही,
पण तेलाच्या धारेखाली उभं राहून
कुणीतरी नीट काम केलं होतं.
मला एकदम बरं वाटलं,
घरातल्यावरचा आळ फिटावा तसं.

मोडली होती एक प्लॅस्टिकची खिट्टी,
करंगळीच्या नखाएवढी.
इराप्पानं चिमटीत धरली.
"एवढंच. आणि हे सुटं मिळत नाही."

शहापुरात एका रसवंतीला माझा गिअर आहे,
चौऱ्याण्णवचा. कागद दिला नव्हता,
मालकानं मागितलाही नव्हता.
आता त्याचा पोरगा बसतो, मला ओळखत नाही,
ग्लासाचे वीस रुपये घेतो.
मी उभा राहून
पूर्ण ग्लास संपेपर्यंत आवाज ऐकतो.

खिट्टीचं माप काढलंय.
जुन्या नळाचं पितळ आहे घरात,
लेथ अजून कुणीतरी तासभर देईल.
इंदू विचारते, चालेल का?
म्हटलं, बघू या.
मागं तर जातेच.